पहिला दंड कळलाच नाही, तर दुसरा कसा मोजता?

प्रति,
वाहतूक विभागातले अधिकारी, आणि त्यांच्याही वर बसून दंडाचे आकडे ठरवणारे सर्व

सप्रेम नमस्कार.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावापुरती. पोट भरतं ते ऑनलाइन फॉर्मांवर: पॅनकार्ड, शाळाप्रवेश, लायसन्सची अपॉइंटमेंट, भाडेकरार. गेली काही वर्षं त्यात ई-चलानाची भर पडली आहे. माणूस काउंटरशी येतो आणि म्हणतो, "ताई, गाडीवर किती पडलंय बघा ना जरा." मी गाडीचा नंबर टाकते, चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकते, आणि यादी उघडते. मग बराच वेळ कुणी काही बोलत नाही.

माझ्याकडे स्वतःची गाडी नाही. मी टीएमटीने फिरते, घाई असली तर रिक्षाने. चलान भरून द्यायचे मी वीस रुपये घेते, म्हणजे चलानं वाढली तर माझं नुकसान काहीच नाही. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण या काउंटरवरून जे दिसतं ते चौकातून दिसत नसावं आणि मंत्रालयातून तर नाहीच.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. नो पार्किंगसारख्या गुन्ह्यांत, जिथे कुणाच्या जिवाला धोका नव्हता, तिथे पहिल्या चलानाची सूचना गाडीमालकाला खरोखर पोचेपर्यंतची सगळी चलानं पहिल्या गुन्ह्याच्याच दराने धरावीत. म्हणजे प्रत्येकी ५०० रुपये. १५०० नव्हे.

दंड माफ करा असं मी म्हणत नाहीये. गाडी चुकीच्या जागी लावली होती, तर पैसे भरलेच पाहिजेत. वाद आहे तो तिप्पट दराचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत आणि दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्याला १५०० रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे आले, आपल्या राज्यात ते २०२१ च्या डिसेंबरपासून लागू झाले. त्याआधी नो पार्किंगला २०० रुपये जायचे. दुसऱ्या वेळी जास्त दंड का, तर एकदा सांगून ऐकलं नाही म्हणून. एवढं कुणालाही पटेल. पण एकदा सांगितलंच नसेल तर? शाळेने प्रगतिपुस्तक घरी पाठवायचंच नाही आणि वर्षाच्या शेवटी पालकांना बोलावून म्हणायचं, तिन्ही चाचण्यांत नापास आहे, तुम्ही लक्षच देत नाही, त्यातला हा प्रकार.

पूर्वी हवालदार पावती फाडायचा. पावती हातात पडायची, म्हणजे गुन्हा कोणता आणि पैसे किती, हे तिथल्या तिथे कळायचं. कधी तोडपाणीही व्हायचं. ते बंद झालं याचा मला आनंदच आहे, मशीनवर फोटो निघतो हे केव्हाही बरं. पण फोटो काढताना मालक समोर नसतो. सगळा भरवसा एका मेसेजवर. आणि तो मेसेज ज्या नंबरावर जातो, तो नंबर कुणाचा असतो ते मी रोज बघते.

छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, चालवणारे एक गृहस्थ आहेत. किसननगरला राहतात, गाडी हप्त्यावर घेतलेली. गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने आधी चलान बघितलं आणि सौदा मोडला. म्हणून ते माझ्याकडे आले. आरसीला, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राला, लागलेला मोबाइल नंबर त्यांचा नव्हताच. नोंदणीच्या वेळी कागदपत्रं करणाऱ्या एजंटाने स्वतःचा नंबर टाकून दिला होता. सगळे ओटीपी एकाच मोबाइलवर आले की चार गाड्यांचं काम उरकतं ना! हे काही जगावेगळं नाही. शोरूममधल्या पोराचा, वित्त कंपनीच्या वसुलीवाल्याचा, कुणाच्या मेहुण्याचा, असे किती नंबर मी आरसीवर पाहिले आहेत. सेकंडहँड गाडीत तर नाव बदललं तरी नंबर जुन्याचाच राहतो. तो जुना मालक आलेला मेसेज "आपली नाही आता" म्हणून पुसून टाकतो, आणि त्याचंही बरोबरच आहे.

त्या गृहस्थांची चलानं मी एकेक उघडून पाहिली. जवळजवळ सगळी नो पार्किंगची, आणि बहुतेक फोटोंत मागे तेच लोखंडी शटर. वागळे इस्टेट ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. १९६० च्या दशकात एमआयडीसीची सुरुवात या वसाहतीपासून झाली, गाळे तेव्हाच्या हिशेबाने बांधलेले, दार उघडलं की समोर रस्ता. माल उतरवायचा तो त्याच दारासमोर. आता आजूबाजूला काचेच्या इमारती आल्या, त्यांतल्या माणसांच्या मोटारी आल्या, रस्ता तेवढाच राहिला. टेम्पोवाला दुसरीकडे गाडी लावून हमालांकरवी पेट्या वाहून नेईल, तर त्या दिवसाचं भाडं हमालीतच जाईल. तरीही त्याने गाडी जिथे लावली तिथे मनाईची पाटी होती, फोटोत ती स्पष्ट दिसते. दंड बरोबर आहे.

पण हिशेब करून बघा. समजा अशी दहा चलानं आहेत. पहिलं ५०० चं, पुढची नऊ १५०० ची, एकूण १४,०००. हीच दहा चलानं पहिल्या दराने धरली तर ५,०००. मधले ९,००० रुपये हा ऐकूनही न सुधारल्याचा दंड आहे, आणि या माणसाने तर काही ऐकलेलंच नव्हतं. पहिला मेसेज वेळेवर मिळाला असता तर दुसऱ्या दिवसापासून त्याने गाळेवाल्याशी भांडून माल उतरवायची दुसरी वेळ मागून घेतली असती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. चलानं कळल्यावर त्याने तेच केलं. आता तो सकाळी लवकर येतो, रस्ता मोकळा असतो तेव्हा.

दुसरी एक बाई आली होती, पलीकडे लोकमान्यनगरातली. नवरा वारला, स्कूटर त्याच्याच नावावर राहिली, पुतण्या कामाला घेऊन जायचा. नवऱ्याचं सिमकार्ड तिनेच बंद केलं, रिचार्ज कशाला मारायचं म्हणून. चलानं त्या बंद नंबरावर जात राहिली. वारसाने गाडी नावावर करून घ्यायला हवी होती, हे खरंच. पण मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन, रेशनकार्डातून नाव कमी करणं, या सगळ्यात स्कूटर कितव्या नंबरावर येते ते मी जवळून पाहिलं आहे. वारसाचे कागद मीच करून दिले. चलानांचे मात्र मला काही करता आलं नाही.

कॅमेऱ्यातून पकडलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्राने २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत त्याची सूचना पाठवावी, असं त्यात म्हटलं. म्हणजे उशिरा कळलेल्या दंडाला अर्थ नाही, हे नियम करणाऱ्यांनाही वाटलंच होतं. फक्त पाठवणं आणि पोचणं यांत अंतर आहे. आमच्याकडे हे अंतर कधीकधी दोन-दोन वर्षांचं असतं.

तुम्ही म्हणाल, नंबर अद्ययावत ठेवणं ही मालकाची जबाबदारी. मान्य. म्हणूनच मागणीतच त्याची सोय करते आहे. एक मुदत जाहीर करा, तीन महिन्यांची म्हणा. त्या मुदतीत जो मालक 'वाहन' या सरकारी पोर्टलवर आधारशी जुळणारा स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवेल, त्याची त्या तारखेआधीची नो पार्किंगची चलानं पहिल्या दराने भरून घ्या. नंबर कधी बदलला त्याची तारीख सरकारच्याच यंत्रणेकडे राहते, मालकाच्या शब्दावर विसंबायला नको. त्या तारखेनंतर पुन्हा गुन्हा झाला तर खुशाल १५०० लावा. तेव्हा "मला मेसेज आला नाही" म्हणणाऱ्याला मीच माझ्या काउंटरवरून हाकलून देईन. ज्यांनी पहिलं चलान भरलं आणि तरी पुन्हा तिथेच गाडी लावली, किंवा ज्यांना हवालदाराने समोरासमोर थांबवून चलान केलं, त्यांना या सवलतीत आणूच नका. त्यांना कळलं होतं.

सरकारचं यात नुकसान होईल असं मला वाटत नाही. १४,००० ची यादी बघून माणूस मोबाइल खिशात घालतो आणि जातो. ५,००० म्हटलं तर म्हणतो, निम्मे आज भरतो, निम्मे पगारावर. हे मी डोळ्यांनी पाहते.

आता काही जण लगेच विचारतील: मग सरसकट सूटच का मागत नाही? कर्नाटकाने २०२३ च्या फेब्रुवारीत थकीत चलानांवर ५० टक्के सूट दिली होती. त्याच्या आदल्या वर्षी तेलंगणाने दुचाकीवाल्यांकडून फक्त चौथा हिस्सा घेऊन बाकी सोडून दिलं. गर्दी झाली, पैसे जमले, बातम्या आल्या. तेव्हापासून माझ्याकडेही विचारणा सुरू आहे, "ताई, आपल्याकडे सूट कधी निघणार?" चांगले पैसेवाले लोक विचारतात. भरायची ऐपत असून थांबलेले. मला हे पसंत नाही. ज्याने महिन्याच्या महिन्याला चलान भरलं तो मूर्ख ठरतो, आणि थांबला तो शहाणा. शिवाय अशा सुटीत सिग्नल तोडणारा आणि माल उतरवणारा एकाच रांगेत उभा राहतो.

त्या रांगेतल्या पहिल्या माणसाबद्दल मला जराही दया नाही, हेही नोंदवून ठेवा. उलट्या दिशेने गाडी घालणारे, मोबाइल कानाला लावून घोडबंदर रोडवर ट्रकांच्या मधून जाणारे, पिऊन चालवणारे, यांच्या बाबतीत तुम्ही एक रुपया सोडू नये. मागे एक तरुण आला होता, राँग साइडची चलानं दाखवून हसत होता, "यू-टर्न लई लांब आहे हो." मी पूर्ण रक्कम सांगितली आणि वीस रुपये जास्तच घेतले. आणि ते नंबर प्लेटवर ४१४१ चं "दादा" करून फिरणारे! त्यांची प्लेट कॅमेऱ्याला वाचता येत नाही. सरळ, सरकारी ठशाची प्लेट लावतो तोच बिचारा फोटोत स्वच्छ येतो. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हीच सरकारी ठशाची प्लेट, लावायची सक्ती आली तेव्हा बरं वाटलं होतं. त्या बुकिंगसाठी कपाटातून आरसी बाहेर निघाली, आणि आपल्या गाडीवर चलानं आहेत हे कित्येकांना तेव्हाच पहिल्यांदा समजलं. माझ्या दुकानात तर तो एक मोसमच होता.

रस्त्यावर उभ्या असलेल्या तुमच्या माणसांबद्दलही माझी तक्रार नाही. तीन हात नाक्याला मेट्रोच्या खांबांखाली, धुळीत, मे महिन्यात उभं राहून बघावं कुणीतरी. समोरच्या गाडीच्या मालकाचा नंबर चालू आहे की बंद, हे मशीन हातात धरलेल्या शिपायाला कळायचा मार्ग नाही. त्याने चलान केलं ते योग्यच. चूक झाली ती त्याच्यानंतरच्या टप्प्यावर, आणि ती दुरुस्त करणं त्याच्या हातात नाही.

ते कुणाच्या हातात आहे हे मी थोडं शोधलं. कायद्याच्या कलम २०० प्रमाणे कोर्टात न जाता तडजोडीने दंड किती घ्यायचा ते राज्य सरकार राजपत्रातल्या अधिसूचनेने ठरवू शकतं. म्हणजे यासाठी संसदेत जावं लागत नाही. आणि आपल्या राज्याने हे आधी केलेलं आहे. २०१९ च्या सप्टेंबरात नवे दंड देशभर लागू झाले तेव्हा महाराष्ट्राने ते थांबवून धरले. त्या वेळचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरींना पत्र लिहून फेरविचार करायला सांगितलं. गुजरातने तर आकडेच कमी केले. पुढे २०२१ मध्ये आपण दर लागू केले तेव्हाही केंद्राच्या कायद्यात हेल्मेटला १००० असताना इथे ५०० ठेवले गेले. दंड लोकांना परवडला पाहिजे हा विचार सरकारने स्वतःच एकदा केला आहे. मी त्यात एक ओळ वाढवा म्हणते आहे: "दुसरा गुन्हा" कधीपासून मोजायचा, त्याची.

अधिसूचना निघेपर्यंत मधल्या काळात काय? लोकअदालत आहे. ती चांगली सोय आहे आणि मी लोकांना तिकडे पाठवतेही. पण राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून चारेक वेळा भरते. त्या दिवशी टेम्पोवाल्याने धंदा बंद ठेवून कोर्ट नाक्याला जायचं, रांग लावायची, आणि तिथे जे ठरेल त्यावर अपील नाही. बऱ्याच जणांना हे सही केल्यावर कळतं. तेव्हा निदान नोटिशीबरोबर साध्या मराठीत चार ओळी पाठवा: सोबत काय आणायचं, काय मागता येईल, आणि सही केल्यावर काय बदलता येणार नाही. आता येणारा मेसेज मीसुद्धा दोनदा वाचते तेव्हा कळतो, आणि माझं तर हेच काम आहे.

त्याहून सोपं म्हणजे, महिन्यातून एखाद्या शनिवारी संध्याकाळी वस्तीतच एक टेबल लावा. किसननगर, लोकमान्यनगर, तिकडे मानपाडा, वाघबीळ. फोटो उघडून बघायचा आणि तिथेच निर्णय द्यायचा अधिकार असलेला एक माणूस त्या टेबलावर असला की झालं. कारण काही चलानं खरोखर चुकीची असतात. फोटोत पांढरी मोटार, आणि चलान स्कूटरवाल्याला. ३ चा ८ वाचला गेलेला. अशी तक्रार ऑनलाइन करता येते आणि रद्दही होते, मी करून दिल्या आहेत. पण ज्याला ते जमत नाही तो माझ्यासारखीकडे येतो किंवा कुठेच जात नाही.

घोडबंदर रोडचं वेगळं सांगते, कारण आमच्याकडची बरीच मुलं तिकडे डिलिव्हरीला जातात. मेट्रोचं काम, सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिळवायचं काम, त्यात रस्त्याची कड रोज सरकते. काल जिथे गाडी लावायची जागा होती तिथे आज पत्रे, आणि पत्र्यांच्या पलीकडे जुनी पाटी तशीच. मोठ्या संकुलांचे वॉचमन डिलिव्हरीवाल्याला गाडी आत नेऊ देत नाहीत. तो गेटबाहेर लावतो, पंचविसाव्या मजल्यावर जातो, खाली येईपर्यंत फोटो निघालेला असतो. या मुलांचे नंबर मात्र बरोबर असतात, मेसेज लगेच येतो, म्हणजे माझ्या मागणीत ती बसत नाहीत. त्यांच्यासाठी दंडात सूट मागण्यापेक्षा संकुलांना सांगा की दहा मिनिटांसाठी दुचाकी आत घेत जा. ज्यांनी जेवण मागवलं तेच गेटवर अडवतात, आणि दंड भरतो तो जेवण पोचवणारा! याचा विषय खरं तर महापालिकेकडे निघायला हवा, पण पत्र तुम्हाला लिहायला बसले आहे म्हणून इथेच घातला.

माझ्या बाजूने मी एवढं करू शकते: मुदत जाहीर झाली तर आरसीवरचा मोबाइल नंबर बदलायचे मी एक पैसा घेणार नाही. आमच्या रांगेतल्या आणखी दोन दुकानदारांशी बोलले आहे, तेही तयार आहेत. आधार आणि आरसी घेऊन यायचं, रात्री नऊपर्यंत दुकान उघडं असतं. तुम्ही छापील पत्रकं दिलीत तर काउंटरवर ठेवते, नाही दिलीत तर मी स्वतः काढते, झेरॉक्सचंच दुकान आहे.

आणि काही निर्णय झालाच, तर कृपा करून नुसता मेसेज पाठवू नका. नाक्यानाक्यावर मोठ्या अक्षरांत फलक लावा.

आपली नम्र,
वागळे इस्टेटमधली एक झेरॉक्सवाली